औंधचे चित्रकार राजे

संस्थानिकांचे छंद पुष्कळदा खर्चिक आणि निरुपयोगी असत. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा छंद मात्र निराळा होता. त्यांना चित्रकलेचे वेड होते, आणि ते जन्मभर टिकले.

१९०९ साली ते गादीवर बसले, तरी हातातील कुंचला सुटला नाही. रामायणातील प्रसंग त्यांनी स्वतः रंगविले व ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे योजिले, तेव्हा त्यांनी १ लाख रुपये देऊ केले. एवढ्यावर न थांबता तिच्यासाठी चित्रेही काढली. त्यांतील वस्त्रे व अलंकार मनाने रचलेले नाहीत; प्राचीन शिल्पे पाहून ते रेखाटले आहेत. केवढी ही चिकाटी! अजिंठ्याची चित्रे पुसट होत चालली होती. म्हणून चित्रकारांना तेथे नेऊन त्यांनी त्यांच्या प्रतिकृती करविल्या.

संग्रहही वाढत गेला. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आली, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्प आले. पण हे वैभव वाड्यात राहिले, तर रयतेने ते पाहावे कोठे? १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारले. पुढच्याच वर्षी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपविला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. संग्रहालय त्याच डोंगरावर राहिले.