व्यत्ययाला शिस्त लावणारा प्रज्ञावंत : एड्सखर डाइक्स्ट्रा

संगणकावर गाणे सुरू आहे, प्रिंटरमधून कागद बाहेर पडत आहेत आणि त्याच वेळी आपण कळफलकावर मजकूर लिहीत आहोत, हे दृश्य आज इतके सवयीचे झाले आहे की त्याचे कुणाला नवल वाटत नाही. वास्तविक, कळ दाबली जाताच संगणकाचा प्रोसेसर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवतो, दाबलेल्या कळीची नोंद घेतो आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पूर्वीच्या कामाकडे वळतो. या घटनेला संगणकशास्त्रात ‘इंटरप्ट’ म्हणजे व्यत्यय असे नाव आहे. हा व्यत्यय यंत्रात असावा की नसावा, या प्रश्नाने १९५७ च्या सुमारास अॅमस्टरडॅममधील एका तरुण प्रोग्रामरची झोप उडवली होती. त्याचे नाव एड्सखर डाइक्स्ट्रा.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितज्ञ. आईने कधी नोकरी केली नाही. परंतु मोजक्या पायऱ्यांत नेमके उत्तर गाठण्याची तिची हातोटी मुलाने उचलली. कायद्याचे शिक्षण घेऊन संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे एकेकाळी त्यांच्या मनात होते. पुढे मात्र त्यांनी लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास आरंभला. १९५१ मध्ये केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या गटाने घेतलेल्या तीन आठवड्यांच्या प्रोग्रामिंग वर्गाला ते गेले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. मार्च १९५२ पासून अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. हा व्यवसाय तेव्हा इतका अपरिचित होता की, १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी सांगितलेला ‘प्रोग्रामर’ हा पेशा अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. अखेर नोंदवहीत ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले.

दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीत जगप्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये वाग्दत्त वधूसह खरेदीला गेले असताना, अॅमस्टरडॅममधील एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेता घेता, कागद-पेन्सिलीविना अवघ्या वीस मिनिटांत ती त्यांना सुचली. मात्र संगणकाच्या अंतरंगावर त्यांचा जो खोल ठसा उमटला, त्याची सुरुवात व्यत्ययाच्या प्रश्नापासून झाली.

गणित केंद्रात ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे दोघे सहकारी यंत्रे बांधत आणि डाइक्स्ट्रा त्यांसाठी प्रोग्राम लिहीत. त्या काळच्या यंत्रांत गणना अतिशय वेगाने होई. छपाईचे यंत्र मात्र एकेक अक्षर उमटवीत रखडत चाले. ते अक्षर उमटेपर्यंत महागडा संगणक हात बांधून बसलेला असे. ‘एक्स-१’ या नव्या यंत्रात लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी यावर तोड सुचवली. उपकरणाचे काम संपले की त्याने स्वतःहून प्रोसेसरला इशारा द्यावा. तोवर प्रोसेसरने दुसरी गणना करावी.

घरातल्या उदाहरणाने ही कल्पना स्पष्ट होईल. पोळ्या करणाऱ्या व्यक्तीला पाहुण्याची वाट पाहायची आहे. दाराला घंटा नसेल तर दर दोन मिनिटांनी उठून दार उघडून पाहावे लागेल. घंटा असेल तर निर्धास्तपणे पोळ्या करता येतील. परंतु घंटा वाजताच गॅस बारीक करायला हवा, कितवी पोळी कोणत्या अवस्थेत आहे हे ध्यानात ठेवायला हवे आणि परतल्यावर नेमके तिथूनच काम पुढे न्यायला हवे. यातले काही विसरले, तर पोळी करपणारच.

डाइक्स्ट्रा यांना भय होते ते याच विसरण्याचे. तोपर्यंत यंत्राचे वर्तन ठरलेले असे. तोच प्रोग्राम, तीच माहिती दिली की तेच उत्तर येई आणि चूक असलीच तर ती पुन्हा घडवून शोधता येई. व्यत्यय मात्र कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकतो आणि त्याची वेळ प्रत्येक खेपेस निराळी असते. व्यत्यय हाताळणाऱ्या प्रोग्रामने मूळ कामाची अवस्था जपून ठेवताना एक बिट जरी गमावला, तरी मूळ गणना भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी बिघडेल आणि ती चूक पुन्हा दिसेलच याचा भरवसा नाही. अशी चूक चाचण्या घेऊन सापडत नाही. म्हणून त्यांनी सुमारे तीन महिने या सूचनेला संमती दिली नाही. अखेर सहकाऱ्यांनी त्यांच्या कौशल्याची स्तुती करून त्यांना राजी केले. मात्र यंत्राची अवस्था संपूर्णपणे जपता येते आणि जशीच्या तशी परत मिळवता येते, हे सिद्ध झाल्याखेरीज पाऊल पुढे टाकायचे नाही, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

यंत्र अद्याप बांधले जात होते. त्यामुळे हे प्रोग्राम कागदावर, केवळ तर्काच्या बळावर लिहावे लागले. ‘एक्स-१’वरील हे काम त्यांच्या प्रबंधाचा विषय ठरले आणि १९५९ मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पाठोपाठ १९६० मध्ये याप झोनेवेल्ड यांच्यासह त्यांनी याच यंत्रासाठी ‘अल्गोल ६०’ भाषेचा कंपायलर पूर्ण केला. तो पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही, असा दोघांचा पण होता. झोनेवेल्ड यांनी दाढी काढली; डाइक्स्ट्रा यांनी ती कायम ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हन येथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. व्यत्ययाच्या प्रश्नाला तेथे त्यांनी मूलगामी उत्तर शोधले. एकाच साधनावर दोन प्रक्रियांनी एकाच वेळी हात घातला तर घोटाळा होतो. तेव्हा त्यांच्यात पहारेकरी हवा. त्यासाठी त्यांनी ‘सेमाफोर’ ही संकल्पना मांडली. जुन्या रेल्वे स्थानकांबाहेर दिसणारा हाताचा सिग्नल आठवावा. एकेरी मार्गावर एक गाडी असेपर्यंत दुसरीला थांबावेच लागते आणि पहिली बाहेर पडली की दुसरीला वाट मिळते.

या पायावर त्यांनी व पाच सहकाऱ्यांनी ‘टीएचई’ ही कार्यप्रणाली ‘एक्स-८’ या यंत्रासाठी उभारली. तिचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही प्रणाली एकावर एक थरांची होती. घड्याळाचा व्यत्यय आणि प्रोसेसरचे वाटप सर्वांत तळाच्या थरात बंदिस्त होते. ड्रमवरील साठवणीची व्यवस्था त्यावरच्या थरात होती आणि ड्रमकडून येणारा व्यत्यय म्हणजे त्या थरातील वाट पाहणाऱ्या प्रक्रियेसाठी केवळ एक इशारा होता. वरच्या थरांतील प्रोग्रामना व्यत्ययाची वार्ताही नसे. ज्या गोष्टीने एकेकाळी त्यांना भयभीत केले, तिला त्यांनी तळघरात असे बंद केले.

या यशाची विद्यापीठात मात्र कदर झाली नाही. गट विखुरला आणि डाइक्स्ट्रा यांना नैराश्याने ग्रासले. त्यातून सावरताना त्यांनी संरचित प्रोग्रामिंगवरील टिपणे लिहिली आणि त्या टिपणांनी प्रोग्राम लिहिण्याची पद्धतच बदलली. १९७२ मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून १९९९ मधील निवृत्तीपर्यंत ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अध्यापन करीत होते. संगणकशास्त्राला आकार देणाऱ्या या माणसाने आपली तेराशेहून अधिक टिपणे बहुतांशी फाउंटन पेनने लिहिली आणि छायाप्रती काढून ती सहकाऱ्यांना धाडली. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांचे भय अनाठायी नव्हते, हे पुढे दिसून आले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रामुळे सहा रुग्णांना अतिप्रमाणात किरणोत्सर्ग झाला आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. चालकाने विशिष्ट वेगाने कळा दाबल्या तरच उद्भवणारी, एरवी न दिसणारी वेळेची चूक त्यामागील एक कारण होती. आज लिनक्ससारख्या प्रणालीत उपकरणाचा ड्रायव्हर लिहिणारा अभियंता व्यत्यय येताच अत्यावश्यक तेवढेच काम उरकतो, उरलेले नंतरसाठी राखून ठेवतो आणि सामायिक माहितीला कुलूप घालतो. ही काळजी घेतली नाही तर कशाची भीती बाळगावी, हे डाइक्स्ट्रा यांनी यंत्र तयार होण्यापूर्वीच ओळखले होते.