आपली आच आपणच सांभाळणारी भट्टी

कंट्रोल सिस्टीम्स शिकवताना फीडबॅकचं उदाहरण म्हणून बहुतेक वेळा जेम्स वॅटचा गव्हर्नर फळ्यावर येतो. तो १७८८ चा. पण त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी एका माणसाने कोळशाच्या भट्टीला आपलं तापमान आपणच सांभाळायला लावलं होतं. त्याचं नाव कॉर्नेलिस ड्रेबेल. क्विझमध्ये 'पहिली पाणबुडी कोणाची?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते तुम्ही ऐकलं असेल. मला मात्र पाणबुडीपेक्षा ती भट्टीच जास्त आवडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ड्रेबेलचा जन्म १५७२ साली हॉलंडमधल्या आल्कमार गावी झाला. आपल्यासारखी डिग्री-बिग्री काही नाही. हार्लेमला हेन्ड्रिक गोल्ट्झियस नावाच्या प्रसिद्ध चित्रकाराकडे तो तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम शिकला. गोल्ट्झियसला किमयेचाही नाद होता आणि बहुधा तिथूनच ड्रेबेलच्या डोक्यात भट्ट्या शिरल्या असाव्यात. कारण किमयेत सगळा खेळ आचेचा! काचेच्या भांड्यातलं रसायन दिवसेंदिवस एकाच मंद उष्णतेवर ठेवायचं. त्यासाठी कोणीतरी रात्रभर जागून कोळसे पुढेमागे करायचे. डुलकी लागली की आठवड्यांची मेहनत वाया. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जागतो ते निदान आपल्या मर्जीने. तिथे तर बिचारा नोकर जागायचा.

१६०५ च्या सुमाराला ड्रेबेल इंग्लंडला, राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला गेला. तिथे एल्थमच्या राजवाड्यात त्याने एक 'सतत चालणारं यंत्र' मांडलं आणि ते बघायला लोकांची गर्दी व्हायला लागली. त्यात एका गोल काचेच्या नळीत द्रव होता आणि तो कोणी हात न लावता पुढेमागे सरकायचा. आपल्याला ठाऊक आहे की पर्पेच्युअल मोशन अशक्य आहे. तेही तसं नव्हतंच. बाहेरच्या हवेचं तापमान आणि दाब बदलला की आत कोंडलेली हवा प्रसरण-आकुंचन पावायची आणि द्रवाला ढकलायची. म्हणजे उष्णता बदलली की द्रव हलतो, हे त्याच्या हाताला चांगलंच माहीत झालं होतं.

पुढे १६१० मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या बोलावण्यावरून तो प्रागला गेला. पण १६११ मध्ये रुडॉल्फच्या भावाने बोहेमियाचं राज्य काढून घेतलं, पुढच्याच वर्षी रुडॉल्फ वारला, आणि ड्रेबेल पुन्हा लंडनला. पाणबुडी १६२० च्या आसपासची. चामड्याने मढवलेली, वल्ह्यांनी चालणारी ती होडी त्याने थेम्स नदीत पाण्याखालून चालवून दाखवली.

आता भट्टी. तिचा काळही साधारण हाच. यात ड्रेबेलने आपल्याच खेळण्यातली गोष्ट उलटी फिरवली. तिथे उष्णता द्रवाला हलवत होती, इथे त्या हलणाऱ्या द्रवाने आगीला आवरायचं! रचना अशी: पेटीत पेटी, दोन्हींच्या मध्ये पाणी आणि खाली कोळशाची आग. पाण्यात अल्कोहोल भरलेली काचेची नळी आणि तिच्या पुढे वाकलेल्या नळीत पारा. आग वाढली की पाणी तापतं, अल्कोहोल फुगतं आणि पारा वर ढकललं जातो. पाऱ्यावर टेकलेली काडी वर जाते आणि तरफेने धुराच्या तोंडावरची झडप खाली येते. धुराला वाट कमी म्हणजे खालून हवा कमी ओढली जाते, आणि आग मंदावते. पाणी निवलं की सगळं याच्या उलट. किती तापमान हवं ते स्क्रू फिरवून ठरवायचं. सेट पॉइंट, सेन्सर, अॅक्च्युएटर, सगळं हजर, आणि वीज कुठेच नाही!

मला यातली सर्वात हुशार गोष्ट झडप वाटत नाही, तर मधलं पाणी वाटतं. झडप मिटली तरी निखारे लगेच थंड होत नाहीत. घरी चुलीवर भाकरी करणाऱ्या कुठल्याही आजीला हे माहीत असतं. नुसती झडप असती तर तापमान सारखं वरखाली झालं असतं. पाणी हळू तापतं, हळू निवतं, म्हणून ते आगीचे चढउतार पोटात घेतं. याच भट्टीत त्याने अंडी उबवायची सोय केली होती. कोंबडीच्या अंड्याला साधारण ३७-३८ अंश सेल्सिअस, एकवीस दिवस, न चुकता लागतात. यापेक्षा कडक प्रॅक्टिकल परीक्षा कुठली असणार?

थंड देशांत आज अनेक घरांत पेलेट स्टोव्ह दिसतात. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या एक फिरता स्क्रू थोड्या थोड्या आगीत टाकतो आणि खोलीतला थर्मोस्टॅट त्याला वेग सांगतो. ड्रेबेलच्या हाती फक्त हवा होती, यांच्या हाती हवाही आहे आणि इंधनही. बाकी लूप तोच. मधल्या काळात मात्र ही कल्पना खोलीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर गावी प्राध्यापक असलेल्या वॉरन जॉन्सनने १८८३ मध्ये खोलीच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, पण त्यातही खोलीतून खाली भट्टीवाल्याला फक्त इशारा जायचा. झडप त्यानेच हलवायची.

ड्रेबेलचं पुढे काही चांगलं झालं नाही. लिहून ठेवायची त्याला फारशी सवय नव्हती. कथिलाचा क्षार वापरून त्याने लाल भडक रंग शोधला, पण त्यावर धंदा केला त्याच्या कुफ्लर जावयांनी. १६२८ च्या ला रोशेलच्या मोहिमेत तो इंग्लिश आरमारासोबत स्वतःचे स्फोटक तराफे घेऊन गेला, पण मोहीम फसली. राजाश्रय आटला. शेवटी लंडनमध्ये तो बिअरचा गुत्ता चालवायचा आणि १६३३ मध्ये गरिबीतच वारला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १६६६ मध्ये, जॉन एव्हलिन त्याच्या जावयाकडे गेला, तेव्हा त्याला तिथे लोखंडी भट्ट्या बघायला मिळाल्या. ऑरेंजच्या राजपुत्राच्या सैन्याला बरोबर नेता याव्यात म्हणून त्या केल्या होत्या.