खडकीचा शिल्पकार मलिक अंबर

मागील वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या शाळेच्या मागील पडीक जागेत विद्यार्थ्यांकडून एक बाग करविण्याचे आम्ही मनावर घेतले. कागदावर नकाशा फार सुबक उतरला होता. मध्ये गोल वाफा, त्यातून चार दिशांस निघणाऱ्या चार वाटा आणि कडेने मेंदीचे कुंपण. आम्ही रेघा आखून दिल्या, मुलांनी मोठ्या हौसेने खणती केली आणि दोघा पालकांनी आपल्या शेतातून शेणखताच्या गाड्या पाठविल्या. पुढे पहिला मोठा पाऊस तासभर पडला आणि वरच्या अंगाचे वाफे वाहून खालच्या अंगास जाऊन बसले. चूक कोणाची, असे मुलांनी विचारले नाही, हा त्यांचा विनय होय. परंतु ती आमची होती. जागेस उतार आहे, आणि हिंगोलीकडील काळी माती एकदा फुगली म्हणजे वरून आलेले पाणी आत घेत नाही, या दोन गोष्टी पाहण्यापूर्वीच आम्ही नकाशा काढून मोकळे झालो होतो.

त्याच सुमारास नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने संगणकावर रचलेले आपले नगर आम्हांस दाखविले. ‘माइनक्राफ्ट’ नामक खेळात मुले ठोकळ्यावर ठोकळा ठेवून वाडे, तट, पूल आणि बागा उभारतात, हे आमच्या पुष्कळ पालकांस ठाऊक असेलच. कित्येकांची त्याविषयी तक्रारही असते. परंतु या मुलाची रचना पाहून आम्ही थक्क झालो. वेशीतून आत शिरताच समोर सरळ वाट, दोहों बाजूंस झाडे आणि वाटेच्या शेवटी उंच मनोरा, अशी त्याची योजना होती. प्रवेश करणाऱ्याची दृष्टी कोठे जावी, हे त्याने आधी ठरविले होते. या नगरास पाणी कोठून येते, असे आम्ही त्यास विचारले, तेव्हा मात्र तो थोडा घोटाळला. त्या खेळात पाण्याचे दोन उगम विशिष्ट अंतराने ठेविले की मधला झरा कितीही उपसला तरी आटत नाही. तेव्हा पाण्याची चिंता कोण करतो! त्या दिवशीच आम्ही ठरविले की, हिवाळ्याची सहल छत्रपती संभाजीनगरास न्यावयाची आणि मुलांस मलिक अंबराचे काम दाखवावयाचे. पुढील चरित्र त्या सहलीच्या तयारीसाठी लिहिले होते. तेच थोडे वाढवून येथे देत आहो.

मलिक अंबराचा जन्म सुमारे १५४८ मध्ये आफ्रिका खंडातील इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगतात. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि अरबस्थानच्या बाजारांतून फिरत बगदादेस पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्यास लिहावयास, वाचावयास आणि हिशेब करावयास शिकविले व अंबर हे नाव दिले. यानंतर तो पुन्हा विकला गेला तो दक्षिणेत. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीजखानही एके काळचा हबशी गुलामच. भावांनी विकलेला आणि परक्या देशात कारभारी झालेला योसेफ आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. येथे धनी आणि दास असे दोघेही त्याच वाटेने आलेले होते.

अहमदनगर हे त्या काळी पाणी खेळविण्याच्या विद्येचे मोठे माहेर होते. डोंगराच्या पायथ्याचे पाणी खापरी नळांतून शहरात आणीत. १५८३ मध्ये पूर्ण झालेल्या फरहबागेत तर मोठ्या हौदाच्या मध्यभागी महाल उभा आहे आणि त्याचे प्रतिबिंब चारी बाजूंस पडावे अशी योजना आहे. कोरड्या मुलखात मनुष्यास सर्वांत सुखद दृश्य कोणते, तर पाण्याचे. हे त्या बागेच्या कर्त्याने नेमके जाणले होते. अंबराच्या तारुण्याचा पुष्कळ काळ या शहरी गेला. त्याने हे सारे डोळसपणे पाहिले असावे असे आम्हांस वाटते, कारण पुढील आयुष्यात त्याने जे केले त्याचे बीज दुसरीकडे शोधण्याचे कारण पडत नाही.

चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबरास दास्यातून मुक्ती मिळाली. मग काही वर्षे तो गोवळकोंडा व विजापूर या दरबारी शिपाईगिरी करीत राहिला. मलिक ही पदवी त्यास विजापुरास मिळाली. १५९५ च्या सुमारास तो सुमारे दीडशे स्वारांनिशी निजामशाहीत परतला. ती वेळ फार बिकट होती. मोगल अहमदनगरच्या तटास भिडले होते. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली व किल्ला पडला. राजधानी गेली, राजा कैद झाला, तेव्हा राज्य संपले असे बहुतेकांनी मानले. अंबराने ते मानले नाही. त्याने राजघराण्यातील एका मुलास परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशाह या नावाने गादीवर बसविले आणि कारभार आपल्या हाती घेतला. पुढील पाव शतक अकबर व जहांगीर या दोन बादशाहांच्या फौजा या एका मनुष्याने दक्षिणेत अडवून धरल्या. मराठा घोडेस्वारांस हाताशी धरून, रसद तोडून, डोंगरांच्या आश्रयाने लढण्याची जी रीत त्याने चालविली, तिची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर आहे; ती येथे सांगत बसत नाही.

राजधानी परांड्याहून जुन्नरास, जुन्नराहून दौलताबादेकडे, अशी फिरत राहिली. अखेर १६१० मध्ये दौलताबादेच्या पूर्वेस खडकी नावाच्या लहानशा गावी नवे नगर वसविण्याचे अंबराने ठरविले. आमच्या मते त्याची खरी परीक्षा येथे झाली. खडकी हे नावच जमीन कशी होती ते सांगते. उत्तरेस सावंगीकडील डोंगर, दक्षिणेस साताऱ्याचे डोंगर, मध्ये खाम नदीचे खोरे. उन्हाळ्यात खाम आटून जाई. विहिरी खणाव्या तर खाली काळा पाषाण. अशा जागी फौजेसह हजारो माणसे वसवावयाची, म्हणजे पाण्याचा विचार आधी आणि वाड्यांचा मागाहून, हे ओघानेच आले.

त्याने डोंगराकडे पाहिले. पावसाचे पाणी डोंगराच्या पायथ्याशी मुरते आणि जमिनीच्या पोटातून खोऱ्याकडे हळूहळू उतरते. वर नदी कोरडी दिसली तरी खाली ओल असते. हे पाणी उघड्या कालव्यात आणिले असते तर वैशाखाच्या उन्हात निम्मे उडून गेले असते आणि वेढा पडताच शत्रूने ते विषारीही केले असते. यास्तव अंबराच्या कारागिरांनी उत्तरेकडे जमिनीखाली चुनेगच्ची बोगदे खणून झिरपते पाणी गोळा केले व ते बांधीव भुयारी मार्गाने नगरात आणिले. हीच नहर-ए-अंबरी. तिचे काम खडकीच्या पहिल्या दशकातील आहे. कोठेही मोट नाही, रहाट नाही, बैल नाही, केवळ उतार. तो उतारही बेताचा. अधिक असेल तर पाणी बांधकाम पोखरते, कमी असेल तर गाळ बसून मार्ग तुंबतो. ठिकठिकाणी आत उतरून साफसफाई करता यावी म्हणून वरून तोंडे ठेविली. नळांत हवा कोंडते व पाण्याचा दाब वाढून सांधे फुटतात, याकरिता मध्ये मध्ये उंच मनोरे उभारले. पाणी एका अंगाने वर चढते, माथ्यावरील कुंडीत मोकळे होते आणि दुसऱ्या अंगाने खाली उतरते. शहरात असे जुने मनोरे मुलांनी पाहिले, तेव्हा बहुतेकांस ते पडक्या वाड्यांचे खांब वाटले.

पाण्याची वाट निश्चित झाल्यावर नगर तिच्या आधाराने वाढले. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ त्याने भडकल दरवाजा बांधला. तो आजही वाहत्या रस्त्यात उभा आहे. नौखंडा महाल, मशिदी, हौद उभे राहिले. सरदारांनी आपापले पुरे वसविले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली. प्रत्येक वस्तीस पाणी पोहोचले की तेथे हौद आणि हौदाभोवती सावली, हे आपोआप घडते. बागा मुद्दाम कराव्या लागतातच असे नाही. पाणी योग्य जागी आणून सोडणारा मनुष्य निम्मी बाग करून ठेवतो.

हे नगर सुखाने वाढू दिले गेले नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मोगलांनी अंबराचा मोठा पराभव केला आणि खडकीत शिरून ती उद्ध्वस्त केली. वयाची सत्तरी जवळ आलेली, सहा वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत राख झालेली. अंबराने खडकी सोडली नाही, पुन्हा बांधली. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, जो पुढे शाहजहान झाला, त्याच्या फौजेने ती दुसऱ्यांदा जाळली. अंबराने ती पुन्हा उभी केली. दौलताबादेसारखा अभेद्य किल्ला काही कोसांवर असताना उघड्या खोऱ्यातील जळकी वस्ती त्याने का धरून ठेवली, याचे उत्तर आम्हांस तरी त्या भुयारी पाण्यातच दिसते. वर जळते ते लाकूड आणि छप्पर. ते वर्षा-दोन वर्षांत पुन्हा चढविता येते.

जहांगीर बादशाहास या वृद्ध हबशाचा इतका राग होता की, त्याच्या अबुल हसन नामक चित्रकाराने एक चित्र काढले आहे. त्यात बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर टांगलेल्या अंबराच्या शिरावर बाण मारीत आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. दोघांची समोरासमोर गाठही पडली नाही. हे चित्र आता आयर्लंडच्या डब्लिन शहरी एका संग्रहात आहे.

जमिनीकडे पाहण्याची हीच दृष्टी त्याने सारावसुलीत वापरली. मक्तेदारांकडून ठरीव रक्कम उकळण्याची रीत त्याने मोडली; जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविला व तो गावच्या पाटलांमार्फत घेतला. आमच्या मराठवाड्यातील जुने लोक मलिकंबरी पद्धतीचे नाव आदराने घेत, ते याच कारणाने. युद्धातही त्यास पाण्याचा विसर पडला नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल व विजापूर यांच्या एकत्र फौजा चालून आल्या, तेव्हा तेथील तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि लहान फौजेने मोठीचा पाडाव केला. शहाजी राजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामास आले.

१६२६ च्या मे महिन्यात मलिक अंबराचा वृद्धापकाळाने अंत झाला. त्यास खुलताबादेत मूठमाती मिळाली. त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीस फतेहनगर हे नाव दिले, परंतु बापाची धडाडी त्याच्या ठायी नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६५३ मध्ये औरंगजेबाने शहरास औरंगाबाद नाव दिले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. ज्या मोगलांनी हे शहर दोनदा जाळले, त्यांनीच पुढे ते राजधानीयोग्य मानिले, यात मौज आहे. आयते पाणी मिळाले होते! औरंगजेबाच्या काळात बिबी का मकबऱ्याची चारबाग झाली. लांबी ४५८ मीटर, रुंदी २७५ मीटर. दक्षिणेच्या दरवाजातून आत पाऊल टाकताच कमानीच्या चौकटीत घुमट दिसतो, मधील लांब हौद दृष्टीस पुढे नेतो, आणि पाठीमागील डोंगराची रांगही बागेचाच भाग वाटू लागते. आमचा तो नववीचा विद्यार्थी त्या दरवाजात बराच वेळ उभा होता. बाकीची मुले कारंज्यांकडे धावली. पाणचक्की पाहिली ती दुपारी. ती मलिक अंबराची नव्हे, नंतरची, अठराव्या शतकातील. परंतु दूरच्या डोंगरातील पाणी नळांतून आणून उंच भिंतीवरून हौदात सोडण्याची विद्या तीच.

आज शहराची तहान जायकवाडीच्या पाण्यावर भागते. जुन्या नहरीवर रस्ते आले, घरांचे पाये आले. कित्येक ठिकाणी ती फुटली, कित्येक ठिकाणी बुजली. तरीही काही भागांतून अजून पाणी वाहते. खुलताबादेस पोहोचावयास आम्हांस संध्याकाळ झाली. अंबराच्या घुमटापाशी गर्दी नव्हती. शेजारीच त्याची पत्नी बिबी करीमा हिची कबर आहे.

यंदा शाळेच्या बागेसाठी कागद घेण्यापूर्वी मुलांनी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणिली आणि चारही कोपऱ्यांची उंची मोजली. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात पावणेदोन हातांचे अंतर निघाले. वाफे आता उतारास आडवे घेतले आहेत, गोल वाफा रद्द झाला आहे, आणि खालच्या कोपऱ्यात एक लहानसे डबके खणावयाचे की नाही, यावर आठवी व नववी या वर्गांत अद्याप वाद चालू आहे.