नाव झाल्यावरही शिकणारे गजाननबुवा

गॅदरिंगला मी व्हायोलिन वाजवायचो, हे काही वर्गमित्रांना आठवत असेल. मॅट्रिकनंतर ते माळ्यावर गेलं. निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतलं, ते पंडित गजाननबुवा जोशी यांच्यामुळे.

बुवांचा जन्म १९११ सालचा. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, त्यामुळे ग्वाल्हेर गायकी घरातच मिळाली. बुवा गायचेही आणि व्हायोलिनवर ख्यालही उभा करायचे. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जयपूर गायकीसाठी भूर्जीखाँसाहेबांपुढे, आग्रा गायकीसाठी विलायत हुसेनखाँसाहेबांपुढे ते शिष्य म्हणून बसले. पुढे त्यांनी श्रीधर पार्सेकरांना व्हायोलिन शिकवलं, उल्हास कशाळकरांना गाणं. १९८७ साली ते गेले.

स्वतः गुरू होऊनही बुवा विद्यार्थीच राहिले. मी मात्र शाळा सुटली तेव्हा शिकणंही संपलं, असं धरून चाललो होतो. आता रोज सकाळी तासभर पलटे घासतो. गज अजून करकरतो, घरचे सोसतात. आमच्या संगीताच्या बाईंनी दिलेला रियाज इतक्या वर्षांनी पुरा करतोय. पुढच्या मेळाव्यात भूप वाजवीन म्हणतो. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसा.