पाचवा सेलेस्टीन आणि त्याचे बारा कार्डिनल

एप्रिल १२९२ मध्ये पोप चौथा निकोलस मरण पावला आणि पुढे सव्वादोन वर्षे रोमचे धर्मपीठ रिक्त राहिले. मताधिकार अवघ्या बारा कार्डिनलांना होता. त्यांतील एक मध्यंतरी वारला. ओर्सिनी आणि कोलोन्ना या घराण्यांच्या वैरामुळे कोणाही उमेदवारास आवश्यक ती दोनतृतीयांश मते मिळेनात. अखेर ५ जुलै १२९४ रोजी पेरुजा येथे त्यांनी निवड केली ती सुल्मोनाजवळच्या मोरोने पर्वतावर एकान्तवास करणाऱ्या पिएत्रो नामक तपस्व्याची. त्याचे वय तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. २९ ऑगस्ट रोजी लाक्विला येथील कोलेमाज्जोच्या चर्चमध्ये त्याचा अभिषेक झाला व त्याने पाचवा सेलेस्टीन हे नाव धारण केले.

या भोळ्या विरक्ताचा खरा सूत्रधार होता नेपल्सचा आंजू घराण्यातील राजा दुसरा चार्ल्स. सिसिली परत मिळविण्यासाठी त्याला अनुकूल पोप हवा होता आणि पुढील पोपही अनुकूलच निवडला जावा, अशी तजवीज करावयाची होती. १८ सप्टेंबर रोजी सेलेस्टीनने एकदम बारा नवे कार्डिनल नेमले. त्यांत सात फ्रेंच व पाच इटालियन होते. इटालियनांमध्ये चार्ल्सचा चान्सलर गुल्येल्मो लोंगी होता, तसेच सेलेस्टीनच्या स्वतःच्या संप्रदायातील संन्यासीही होते. फ्रेंचांमध्ये धर्मविधिज्ञ झां लम्वान आणि लियोंचा आर्चबिशप बेरार द गो ही नावे विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एका नेमणुकीने मतदारमंडळाचे रूपच पालटले.

त्यानंतर राजाने पोपला रोमऐवजी नेपल्सला नेले. तेथील राजवाड्यात त्याने स्वतःसाठी लाकडी कुटी बांधून घेतली. कारभार मात्र त्याला उमगेना. एकच पद एकाहून अधिक व्यक्तींस दिले जाऊ लागले. या व्याकुळ अवस्थेत त्याने दोन शहाणी कृत्ये केली. दहाव्या ग्रेगरीचे बंदिस्त निवडसभेचे नियम त्याने पुन्हा लागू केले आणि पोपला पदत्यागाचा अधिकार आहे, असे जाहीर केले. १३ डिसेंबर १२९४ रोजी त्याने तो अधिकार स्वतःच वापरला. त्याच नियमांनुसार भरलेल्या सभेने, ज्यात त्याने नेमलेले कार्डिनलही होते, २४ डिसेंबर रोजी बेनेदेत्तो काएतानी यास निवडले. हाच आठवा बोनिफेस होय.

फूट पडण्याच्या भयाने बोनिफेसने वृद्धास मोकळे राहू दिले नाही. एड्रिआटिक समुद्र ओलांडू पाहताना तो सापडला व फुमोनेच्या किल्ल्यात ठेवला गेला. तेथेच १९ मे १२९६ रोजी त्याचे निधन झाले. पदत्यागाचा नियम मात्र बोनिफेसने १२९८च्या धर्मविधिसंग्रहात समाविष्ट केला. त्या संग्रहावर पुढे टीका लिहिली ती सेलेस्टीनच्याच नियुक्त लम्वानने. २०१३ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टने पद सोडले ते याच परंपरेच्या आधारे.

साहित्याने त्याला दोन परस्परविरोधी न्याय दिले. दान्तेने नरकाच्या द्वाराशी एका अनामिक त्यागकर्त्यास भ्याड ठरविले. बहुतेक प्राचीन टीकाकारांनी त्यात सेलेस्टीन पाहिला. पेत्रार्कने मात्र एकान्तजीवनावरील ग्रंथात त्याच त्यागाचा गौरव केला. दोघांच्या दृष्टीपुढे कृती एकच होती. निवाडा बदलला तो कर्तव्य आणि मुक्ती यांपैकी श्रेष्ठ काय, या प्रश्नामुळे.

पुढे बेरारचाच भाऊ पाचवा क्लेमेंट म्हणून पोप झाला आणि १३१३ मध्ये त्याने सेलेस्टीनला संतपद दिले. या निर्णयामागे बोनिफेसच्या स्मृतीचा द्वेष करणाऱ्या फ्रेंच राजाचा आग्रह होता. तरीही संतपद दिले गेले ते पोप सेलेस्टीन या नावाने नव्हे, तर तपस्वी पिएत्रो या नावाने. जे नाव टाकण्यासाठी त्याने पद सोडले, ते निदान या एका ठिकाणी त्याच्यापासून दूर ठेवले गेले.