गिनेस बिअरच्या कारखान्यातलं गणित नांदेड-लातूरच्या शेतापर्यंत कसं पोहोचलं?

नांदेड-४४ हे नाव मराठवाड्यात कापूस पिकवणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बीटी येण्याआधी या संकरित वाणानं शिवारं व्यापली होती. हे वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून आलं. तिकडे लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रात करडई, सूर्यफुलावर काम चालतं. ही दोन्ही केंद्रं परभणीच्या कृषी विद्यापीठाची.

कोणतंही नवं वाण शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी अशा केंद्रांना एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. चाचणीच्या चार प्लॉटमध्ये नव्या वाणाला जास्त उतारा मिळाला, हे ठीक. पण तो वाणाचा गुण, की त्या तुकड्यातली माती बरी होती म्हणून?

उत्तर चुकलं तर फटका शेतकऱ्याला. बियाणं, खत, फवारणी आणि एक अख्खा हंगाम वाया.

हे उत्तर शोधायला जे गणित वापरतात, त्याला म्हणतात स्टुडंट्स टी-टेस्ट. नाव ऐकून अनेकांना वाटतं की ही विद्यार्थ्यांसाठीची परीक्षा असावी. पण हा स्टुडंट म्हणजे एक माणूस होता, आणि तो नोकरीला होता बिअरच्या कारखान्यात.

त्याचं खरं नाव विल्यम सिली गॉसेट.

सैन्यात घेतलं नाही म्हणून बिअरकडे

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील सैन्याच्या इंजिनिअर दलात कर्नल. पोरानंही तिकडेच जायचं ठरवलं होतं, पण नजर कमजोर असल्यानं सैन्याचा रस्ता बंद झाला. मग त्यानं ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र केलं आणि दोन्हीत पहिला वर्ग मिळवला.

१८९९ मध्ये तो डब्लिनला गिनेस कंपनीत रुजू झाला. त्या काळी गिनेसचा कारखाना जगातल्या सर्वात मोठ्या बिअर कारखान्यांपैकी एक होता. आतापर्यंत बिअर बनायची ती मुरलेल्या कारागिरांच्या नाका-जिभेच्या भरवशावर. पण माल एवढा वाढला की नुसता अंदाज परवडेना. प्रत्येक पिंपातली चव सारखी लागली पाहिजे, म्हणून कंपनीनं ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विज्ञान पदवीधर भरायला सुरुवात केली होती. गॉसेट त्यातलाच एक.

बिअरला लागतात चार गोष्टी. बार्ली, म्हणजे आपल्याकडचे जव. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं, ज्यांनी कडवटपणा येतो. पाणी आणि यीस्ट. यातलं पाणी सोडलं तर बाकी तिन्ही सजीवांपासून आलेल्या. या शेतातली बार्ली त्या शेतासारखी नसते, यंदाचे हॉप्स गेल्या वर्षीसारखे नसतात. तपासायला नमुने मिळायचे चार, पाच, फार तर दहा-पंधरा.

अडचण अशी की त्या वेळचं संख्याशास्त्र मोठ्या आकड्यांवर चालायचं. शेकडो, हजारो नोंदी असतील तर सरासरी किती भरवशाची, हे सांगता यायचं. चार नोंदींचं काय करायचं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

कैद्यांची बोटं आणि पत्त्यांचा डाव

१९०४ मध्ये गॉसेटनं कंपनीला अहवाल दिला की आपल्या कामाला हे चुकांचं गणित लावायलाच हवं. पुढच्या वर्षी तो लंडनच्या कार्ल पिअरसनला भेटला. पिअरसन म्हणजे त्या काळातलं संख्याशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. १९०६ मध्ये गॉसेटचं लग्न झालं, इंग्लंडच्या महिला हॉकी संघाची कर्णधार राहिलेल्या मार्जरी फिलपॉट्सशी. त्याच वर्षी कंपनीनं त्याला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पिअरसनकडे शिकायला पाठवलं.

तिथं त्यानं एक भन्नाट प्रयोग केला. ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी याची तयार नोंद उपलब्ध होती. गॉसेटनं ते आकडे कार्डांवर लिहिले, पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. चार माणसांची सरासरी सगळ्यांच्या खऱ्या सरासरीपासून किती भरकटते, हे त्याला बघायचं होतं. कागदावर मांडलेलं त्याचं सूत्र या गटांना चांगलं लागू पडलं.

१९०८ मध्ये हे संशोधन बायोमेट्रिका या नियतकालिकात छापून आलं. पण कारखान्याची गुपितं फुटू नयेत म्हणून गिनेसची अट कडक होती. छापा, पण कंपनीचं आणि स्वतःचं नाव येऊ द्यायचं नाही. म्हणून लेखकाच्या जागी एकच शब्द आला, स्टुडंट.

त्याआधी १९०७ मध्ये याच नावानं त्याचा एक लेख आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजताना किती चूक होऊ शकते, हा त्याचा विषय.

बिअरच्या स्पर्धेत नंबर कसा लागतो?

गॉसेटचं गणित समजून घ्यायला बिअरचीच स्पर्धा घेऊ.

अशा स्पर्धेत सगळ्या बिअर एका रांगेत बसवत नाहीत. आधी प्रकार पाडतात. पहिली मोठी विभागणी यीस्टची. उबदार वातावरणात आंबवली ती एल, थंडीत सावकाश आंबवली ती लागर. आपल्याकडे दुकानात मिळणारी नेहमीची बाटली बहुतेक लागर. मग रंग, कडवटपणा, दारूचं प्रमाण यावरून पोटप्रकार. भाजलेल्या बार्लीची काळी, कोरडी गिनेस येते आयरिश स्टाउट या गटात. तिची तुलना फिकट लागरशी करायची नाही. हापूस आणि केशर एकमेकांच्या मापानं मोजू नयेत, तसंच हे.

अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बिअर परीक्षकांच्या संस्थेची, म्हणजे बीजेसीपीची गुणपत्रिका जगभर वापरली जाते. एकूण गुण ५०. त्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण छाप कशी पडली याला १०. पेल्यावर फक्त क्रमांक असतो. कोणाची बिअर आहे हे परीक्षकाला कळू देत नाहीत.

आता समजा चार परीक्षक आहेत. पहिल्या बिअरला त्यांनी दिले ३४, ३८, ३५, ३७. दुसरीला त्याच क्रमानं ३६, ३९, ३५, ३८. सरासरी आली ३६ आणि ३७. म्हणजे दुसरी जिंकली. बक्षीस द्यायला एवढं पुरे. पण ती खरंच सरस आहे, की दुसरे चार परीक्षक बसवले असते तर निकाल फिरला असता?

चौघांच्या गुणांमधला फरक आहे २, १, ०, १. या फरकांची सरासरी १. गॉसेटचा मार्ग असा, की ही सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते ते काढायचं आणि सरासरीला त्यानं भागायचं. इथे उत्तर येतं सुमारे २.४५. जुन्या, मोठ्या आकड्यांच्या नियमानं १.९६ ची पायरी ओलांडली की फरक खरा धरायचे. म्हणजे दुसरी बिअर पास. पण स्टुडंटचं कोष्टक सांगतं की नोंदी चारच असतील तर पायरी ३.१८ वर आहे. म्हणजे अजून थांबा. परीक्षक दहा असते तर पायरी २.२६ पर्यंत खाली आली असती.

गॉसेटनं दिलं ते हेच. पुरावा थोडा असेल तर कसोटी कडक हवी, आणि किती कडक, याचा हिशोब.

शेतात उतरलेला बिअरवाला

बार्ली चांगली तर बिअर चांगली, म्हणून गॉसेट आयर्लंडच्या शेतांमधल्या बार्लीच्या चाचण्यांत गुंतला. एकाच शेतात लावून चालणार नाही, वेगवेगळ्या भागांत, खऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर वाण तपासा, असा त्याचा आग्रह. नुसता फरक आहे का एवढं बघून तो थांबत नसे. फरक केवढा आणि त्यातून पदरात काय पडणार, हेही त्याला महत्त्वाचं वाटायचं.

१९१२ पासून त्याचा रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाशी पत्रव्यवहार सुरू झाला. फिशरनं त्याचं सूत्र पक्क्या गणितानं सिद्ध केलं, त्याला आजचं टी हे रूप दिलं आणि १९२५ च्या आपल्या पुस्तकातून जगभर नेलं. पुढे चाचणीचे प्लॉट चिठ्ठ्या टाकून ठरवायचे की जमिनीचा चढउतार बघून समतोल मांडायचे, यावर दोघांचं वाजलं. तरी मैत्री टिकली. बागकाम आणि मासेमारीत रमणारा गॉसेट भांडकुदळ नव्हताच. मासेमारीसाठी बोटीसुद्धा तो स्वतः बनवायचा.

१९३५ मध्ये गिनेसनं त्याला लंडनच्या नव्या कारखान्यावर पाठवलं. १९३७ मध्ये तो कंपनीचा मुख्य ब्रुअर झाला, पण लगेचच, १६ ऑक्टोबर १९३७ ला हृदयविकारानं गेला. वय ६१.

साताऱ्याचे सुखात्मे आणि मराठवाडा

ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉसेट शिकायला गेला होता, तिथूनच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३६ मध्ये पीएचडी झाले. पुढे त्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं. १९५४ मध्ये आलेलं पानसे-सुखात्मे हे नाव भारतातल्या कृषी पदवीधरांना आजही पाठ असतं. त्यात स्टुडंटची कसोटी आहेच.

परभणीचं विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं. सोयाबीन, कापूस, करडईचं नवं वाण येतं तेव्हा ते अनेक प्लॉटमध्ये, अनेक ठिकाणी आणि एकापेक्षा जास्त हंगामांत लावून बघतात. दोन वाणांची तुलना असेल तर टी, जास्त असतील तर फिशरनं वाढवलेली पद्धत.

म्हणून पुढच्या वेळी दुकानदार म्हणाला की शेजारच्या गावात एका शेतात हे बियाणं लई चाललं, तर दोन गोष्टी विचारा. किती ठिकाणी लावून बघितलं? आणि किती हंगाम?