प्रकाशवैद्य नील्स फिन्सेन

मार्गशीर्षातील सकाळी आमच्या मलकपेठेत मुले भिंतीलगतचे ऊन शोधून उभी राहतात. सावली आली की पुढे सरकतात. कोपनहेगन येथे एका छपरावर एक मांजर नेमके हेच करीत असे. खिडकीतून त्याच्याकडे पाहणारा एक आजारी तरुण विचारात पडे, की या प्रकाशात असे आहे तरी काय!

तो तरुण म्हणजे नील्स फिन्सेन. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी, धुक्यापावसाच्या फेरो बेटांवर झाला. शाळेत ते मंद गणले गेले (आमच्यातील काहींना हे वाचून धीर येईल!). पुढे कोपनहेगन येथे वैद्यक शिकत असतानाच यकृत व हृदय यांच्या दुखण्याने त्यांना गाठले, ते कायमचेच.

त्या काळी त्वचेचा क्षय माणसाचा चेहरा कुरतडून टाकी. १८९५ मध्ये फिन्सेन यांनी अशा एका रोग्याच्या चेहऱ्यावर विजेच्या कार्बन-दिव्याचा प्रकाश एकवटला. कातडी भाजू नये म्हणून मध्ये पाणी ठेवले. रक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून स्फटिकाची चकती दाबून ते बाजूस सारले. इतर उपाय थकले होते, तेथे व्रण भरू लागला! १८९६ मध्ये त्यांची प्रकाशोपचार-संस्था निघाली आणि शेकडो रोग्यांना तेथे गुण आला.

हे किरण जंतूंना मारतात, अशी त्यांची समजूत होती. गोष्ट एवढी सरळ नव्हती. पुढे तपासता त्यांच्या भिंगांतून आखूड जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण फारसे पार होत नसल्याचे आढळले. जंतूंमधील पॉर्फिरिन हे द्रव्यच प्रकाशाने चेतून त्यांचा घात करीत असावे. शिवाय जंबुपार किरण शरीराच्या रक्षकांनाही सैल करतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिप्के यांनी दाखविले, की निरोगी उंदीर जी कर्करोगाची गाठ झिडकारतो, तीच या किरणांखाली ठेवलेल्या उंदरात वाढते. त्वचेतील लँगरहान्स पेशी, म्हणजे जणू वेशीवरचे पहारेकरी, या किरणांनी कमी होतात. कडक उन्हानंतर कित्येकांच्या ओठांवर जर उठतो, त्यास हेही एक कारण असावे. उलट सोरायसिसमध्ये हे रक्षक स्वतःच्याच त्वचेवर उठतात. तेथे डॉक्टर हेच किरण मोजून देतात.

आमच्या शेजारच्या सिकंदराबादेत हिवतापाचा माग लावणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०३ चे फिन्सेन यांना. प्रकृतीमुळे त्यांना नोबेल-व्याख्यानही देता आले नाही. अखेरीस ते चाकांच्या खुर्चीस खिळले होते, तरी पोटात साठणारे पाणी व आहारातील मीठ यांचा संबंध स्वतःच्याच देहावर मोजीत राहिले. तो निबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.